मॅमथ गुहेतील वाटाडे : स्टीफन बिशप आणि त्याचा नकाशा

महाराष्ट्रातील वाचकास गुहा म्हटले की प्रथम अजिंठा, वेरूळ, कार्ले येथील लेणी आठवतात. ती माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेली आहेत. ज्या काळ्या अग्निजन्य पाषाणात ती कोरली, तो पाण्याने विरघळत नाही. चुनखडकाचा प्रकार निराळा. पावसाचे पाणी हवेतून, आणि त्याहून अधिक मातीतून, कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेते व त्यामुळे किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी खडकाच्या फटींतून झिरपू लागले म्हणजे लक्षावधी वर्षांत फटीची घळ, घळीचे भुयार आणि भुयाराचे दालन होते. तेथे शिल्पकार नसतो, दाता नसतो, शिलालेखही नसतो. तेव्हा अशा गुहेचा इतिहास म्हणजे वस्तुतः तिच्यात गेलेल्या माणसांचा इतिहास होय. आणि तो लिहिताना प्रथमच प्रश्न उभा राहतो तो असा की, आत गेलेल्यांपैकी कोणाची नोंद उरली आणि कोणाची उरली नाही. अमेरिकेतील केंटकी राज्यातील मॅमथ गुहा या प्रश्नाचा विचार करण्यास विशेष सोयीची आहे.

ही गुहा आज ज्ञात असलेल्या जगातील सर्व गुहांत लांब आहे. तिचे मोजलेले मार्ग ६८० किलोमीटरांहून अधिक भरतात आणि मोजणी अद्याप संपलेली नाही. 'मॅमथ' हे नाव त्या नावाच्या लुप्त हत्तीवरून आलेले नसून केवळ विस्तारावरून पडले आहे. गुहेचा चुनखडक सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात साचला. त्यावर वालुकाश्माचा थर आहे आणि हा थर छपराचे काम करतो. ग्रीन नदी आपले पात्र जसजशी खोल करीत गेली, तसतसे भूगर्भातील प्रवाहही खालच्या पातळीवर उतरले आणि वरची भुयारे कोरडी पडली. वालुकाश्माचे छप्पर जेथे शाबूत आहे तेथे थेंबही गळत नाही. म्हणून या अवाढव्य गुहेच्या बऱ्याच भागात लवणस्तंभ जवळजवळ नाहीतच. चुनखडकाची गुहा म्हणजे झुंबरांचे दालन अशी कल्पना करून आलेल्या प्रवाशाची येथे काहीशी निराशा होते. त्याऐवजी भिंतींवर जिप्समची पाकळ्यापाकळ्यांची पांढरी फुले उमललेली दिसतात. छप्पर तुटून पाणी आत शिरते तेथे मात्र अधोमुख व ऊर्ध्वमुख लवणस्तंभांची दाटी होते. 'गोठलेला नायगारा' या नावाने ओळखला जाणारा भाग त्याचे उत्तम उदाहरण आहे. आतील उष्णमान वर्षभर सुमारे १२ अंश सेल्सिअस राहते.

या कोरडेपणाला इतिहासाच्या दृष्टीने फार मोठे महत्त्व आहे. दमट गुहेत जे कुजून गेले असते ते येथे टिकले. सुमारे चार ते पाच हजार वर्षांपूर्वी या प्रदेशातील मूळ रहिवासी वेताच्या मशाली घेऊन कित्येक मैल आत जात, भिंतींवरील जिप्सम व अन्य क्षार खरवडून नेत. त्यांच्या अर्धवट जळालेल्या मशाली, विणलेल्या चपला, शिंपल्यांची खरवडणी आजही सापडतात. १९३५ साली एका मोठ्या शिळेखाली दबलेला मनुष्यदेह सापडला. क्षार खोदीत असता शिळा निसटून तो त्याखाली सापडला होता. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हे लोक गुहेत जाण्याचे थांबले. त्यांनी आतील वाटांना काय नावे दिली होती हे कोणीही सांगू शकणार नाही.

गोऱ्या वसाहतवाल्यांच्या काळाची सुरुवात एका आख्यायिकेने होते. ह्यूचिन्स नावाचा शिकारी एका जखमी अस्वलाचा पाठलाग करीत गुहेच्या तोंडाशी येऊन पोचला, ही गोष्ट १७९७ च्या सुमाराची म्हणून सांगतात. कागदोपत्री पुरावा मात्र अस्वलाचा नसून सोऱ्याचा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस या जमिनीची पहिली नोंद झाली ती सोऱ्याच्या गुहा असलेली जमीन म्हणून. १८१२ साली इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध जुंपले, इंग्रजी आरमाराने अमेरिकेची बंदरे रोखली आणि बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा बाहेरून येईनासा झाला. तेव्हा या गुहेतील मातीला भाव आला. लाकडी हौदांत माती भरून तिच्यातून पाणी झिरपवीत. ते पाणी पोखरलेल्या लाकडी ओंडक्यांच्या नळांतून बाहेर आणीत. लाकडाच्या राखेतून ते पुन्हा गाळून उकळले म्हणजे सोरा मिळे. हे काम सुमारे ७० निग्रो गुलाम करीत. युद्ध संपताच सोऱ्याचे भाव कोसळले आणि धंदा बसला. हौद व नळ अजून जागच्या जागी आहेत. त्या ७० मजुरांपैकी बहुतेकांची नावे उरलेली नाहीत.

सोऱ्याचा धंदा बसला तरी गुहेची कीर्ती तोवर पसरली होती. शेजारच्या एका लहान गुहेत सापडलेला, कातड्यात गुंडाळलेला एका स्त्रीचा शुष्क देह मॅमथ गुहेत आणून ठेवण्यात आला होता. ओहायोचा नाहम वॉर्ड याने तो पुढे नेऊन गावोगाव प्रदर्शनात मांडला आणि गुहेचे वर्णन वर्तमानपत्रांतून छापले. १८१६ पासून पैसे घेऊन गुहा दाखविण्यास आरंभ झाला. तरी पुढील वीस वर्षे दाखविण्याचे मार्ग ठरावीकच होते. सिनसिनाटीचा अभियंता एडमंड ली याने १८३५ साली गुहेची मोजणी करून नकाशा काढला, तेव्हा सुमारे आठ मैलांचे मार्ग माहीत होते.

१८३८ साली ग्लासगो गावचा वकील फ्रँकलिन गोरिन याने ही गुहा ५,००० डॉलरना विकत घेतली आणि आपला तरुण गुलाम स्टीफन बिशप यास वाटाड्या म्हणून तेथे ठेवले. बिशप त्या वेळी सतरा वर्षांचा असावा. त्याच्याबरोबरच मॅट व निक हे दोन गुलामही वाटाडे झाले. त्यांचा मालक टॉमस ब्रान्सफर्ड असल्याने दोघांनाही ब्रान्सफर्ड हे आडनाव लागले. गोरिनने त्यांना विकत घेतले नव्हते, वर्षाच्या ठरावीक रकमेवर भाड्याने घेतले होते. माणूस भाड्याने देण्याघेण्याची ही पद्धत त्या काळच्या केंटकीत नेहमीची होती.

ठरावीक मार्गांवर दिवा धरून चालणे एवढेच बिशपचे काम होते. त्याने ते तेवढ्यावर ठेवले नाही. मुख्य मार्गापासून दूर एका ठिकाणी शंभर फुटांहून खोल असा खड्डा वाट अडवून होता. त्यास 'अथांग खड्डा' म्हणत आणि तेथे ज्ञात गुहा संपे. १८३८ च्या शरद ऋतूत बिशपने एका धाडसी पाहुण्याच्या सोबतीने त्यावर शिडी आडवी टाकली आणि दिवा सांभाळीत तो पलीकडे गेला. पलीकडे नवा प्रदेशच होता : सरपटत जाण्याच्या अरुंद वाटा, उंच घुमट आणि सर्वांत खाली भूगर्भातील नद्या. या नद्यांत डोळे नसलेले पांढरे मासे मिळाले. डी के या प्राणिशास्त्रज्ञाने १८४२ साली त्या माशाचे शास्त्रीय वर्णन केले. त्या गाळातून व पाण्यातून जाणारी वाट कोणी शोधली, याचा शास्त्रीय नामकरणाशी संबंध येत नाही. नामकरणाची पद्धतच तशी असल्यामुळे त्यात डी केचा दोष काढण्याचे कारण नाही.

१८३९ साली लुईव्हिलचा वैद्य डॉ. जॉन क्रोगन याने १०,००० डॉलर देऊन गुहा घेतली आणि तिच्याबरोबर बिशपही त्याच्या मालकीत आला. एका वर्षात गुहेची किंमत दुप्पट झाली होती. या वाढीत बिशपच्या शोधांचा वाटा किती हे आकड्यांत मांडता येणार नाही. परंतु नद्या, आंधळे मासे आणि नवी दालने ही सर्व त्याने उघडलेल्या भागातील होती, एवढे निश्चित. क्रोगनने रस्ते सुधारले, उतारूंसाठी निवासगृह वाढविले, आणि मॅमथ गुहा ही अमेरिका पाहावयास येणाऱ्या युरोपीय प्रवाशांच्या यादीत जाऊन बसली.

या प्रवाशांनी लिहून ठेवलेली वर्णने हीच बिशपविषयीची मुख्य साधने आहेत, आणि ती सावधपणे वापरावी लागतात. बेयर्ड टेलरसारखा अनुभवी प्रवासी १८५५ मध्ये त्याची मनापासून स्तुती करतो. त्याची चपळाई, विनोद, भूस्तरशास्त्राची जाण, ग्रीक व लॅटिन शब्दांची ओळख यांचा उल्लेख वेगवेगळ्या लेखकांत पुन्हा पुन्हा येतो. तथापि या स्तुतीत आश्चर्याचा एक सूर आहे, आणि तो सूर गुणांपेक्षा लिहिणाऱ्याच्या अपेक्षेविषयी अधिक सांगतो. गुलामाने विद्वत्ता दाखवावी ही त्यांना लवणस्तंभांइतकीच पाहण्याजोगी चीज वाटली. लेखक गोरा, वाचक गोरा आणि वर्ण्यविषय दुसऱ्याची मालमत्ता, अशा परिस्थितीत लिहिलेल्या मजकुरातून माणूस वेगळा काढणे हे इतिहासलेखकाचे काम आहे. एक गोष्ट मात्र या सर्व वर्णनांत सारखी आढळते : आत गेल्यावर हुकूम वाटाड्याचा चाले. दिवे, तेल, अन्न, परतीची वाट, सर्व त्याच्या हाती. बाहेर ज्याच्याशी नजर भिडवून बोलण्याची त्यास मुभा नव्हती, तो धनिक आत त्याच्या पावलावर पाऊल टाकून निमूटपणे चाले.

दर्शनाची एक ठरलेली रचनाही या वाटाड्यांनी सिद्ध केली होती. तिचा उत्कर्षबिंदू 'तारांगण' या दालनात असे. वाटाड्या सर्वांचे दिवे काढून घेई व बाजूच्या वाटेने दिसेनासा होई. गडद अंधारात बसलेल्या मंडळींना हळूहळू माथ्यावर रात्रीचे आकाश दिसू लागे, त्यात तारे लुकलुकत, एखादा धूमकेतूही दिसे. वस्तुतः छत काळ्या लेपाचे असून त्यावर जिप्समचे पांढरे ठिपके आहेत. आडून धरलेल्या दिव्याचा तिरपा प्रकाश त्यांवर पडला की हा भास होतो. एमर्सन १८५० साली येथे आला होता, आणि भ्रमाविषयीच्या आपल्या निबंधाचा आरंभ त्याने याच अनुभवाने केला आहे. त्या तत्त्वचिंतनामागे आडोशाला दिवा धरून उभा असलेला एक कसबी माणूस होता, हे विसरून चालणार नाही.

१८४२ साली क्रोगनने बिशपला लुईव्हिलजवळील आपल्या लोकस्ट ग्रोव्ह या वाड्यावर नेले. तेथे सुमारे दोन आठवड्यांत बिशपने गुहेचा नकाशा आठवणीने काढला. अलेक्झांडर बुलिट याच्या १८४५ मध्ये लुईव्हिल येथे निघालेल्या प्रवासवर्णनात तो कोरून छापण्यात आला, आणि त्यावर स्टीफन बिशप हे नाव स्पष्ट आहे. गुलामाच्या नावाने नकाशा प्रसिद्ध व्हावा ही त्या काळी अत्यंत विरळ गोष्ट होय. नकाशात होकायंत्राची अचूकता नाही. अंतरे व दिशा अनेक ठिकाणी चुकलेल्या आहेत, आणि या बाबतीत लीचा नकाशा सरस आहे. परंतु लीने जेवढे मोजले त्याच्या पलीकडचे नद्यांकाठचे मार्ग, त्यांचे फाटे आणि एकमेकांशी असलेले सांधे बिशपने दाखविले आहेत. दाखविलेल्या मार्गांपैकी निम्म्याच्या आसपास त्याने स्वतः शोधलेले होते. भूगर्भात दूरवरचे काही दिसत नाही. उंचावरून पाहून आडाखा बांधण्याची सोय नाही. प्रत्येक वळण पायांनी लक्षात ठेवावे लागते. पुढील चाळीस वर्षांहून अधिक काळ हाच नकाशा प्रचारात राहिला.

तो इतका काळ का राहिला याचे कारण केवळ त्याची गुणवत्ता नव्हे, हेही सांगितले पाहिजे. अचूक मोजणी मालकांनाच नको होती. जमिनीवरची हद्द आणि जमिनीखालचे मार्ग जुळत नाहीत, हे उघड झाले तर शेजारचा शेतकरी आपल्या शेतात खड्डा खणून स्वतंत्र दरवाजा काढील, ही धास्ती होती. १९०८ साली मॅक्स केम्पर या जर्मन अभियंत्याने बिशप घराण्यातील एड बिशप या वाटाड्याच्या साह्याने सुमारे ३५ मैलांची उत्कृष्ट मोजणी केली. तो नकाशा मालकांनी दडवून ठेवला. धास्ती खरी ठरण्यासही वेळ लागला नाही. १९२१ मध्ये जॉर्ज मॉरिसन याने मालकांच्या हद्दीबाहेर सुरुंग लावून त्याच गुहेत नवे दार पाडले.

क्रोगन स्वतः वैद्य होता आणि गुहेतील स्थिर हवा क्षयावर गुणकारी असावी अशी त्याची समजूत झाली. सोऱ्याच्या हौदांपाशी काम केलेले मजूर धडधाकट राहिले आणि आत लाकूड कुजत नाही, या निरीक्षणांवर ती आधारलेली होती. १८४२ च्या हिवाळ्यात त्याने आत दगडी व लाकडी खोल्या बांधून सोळाच्या आसपास रोग्यांना ठेवले. स्वयंपाकाच्या व दिव्यांच्या धुराने हवा कोंदली. रोगी खंगत गेले, काही तेथेच मरण पावले, आणि १८४३ मध्ये हा प्रयोग सोडून द्यावा लागला. रोग्यांना अन्नपाणी पोचविणारे आणि प्रेते बाहेर आणणारे वाटाडेच होते. क्रोगन १८४९ साली क्षयानेच वारला. दोन दगडी खोल्या अद्याप उभ्या आहेत.

क्रोगनच्या मृत्युपत्रात आपले गुलाम आपल्या मृत्यूनंतर सात वर्षांनी मुक्त व्हावेत अशी तरतूद होती. त्यानुसार १८५६ मध्ये बिशप, त्याची पत्नी शार्लट व मुलगा टॉमस यांना स्वातंत्र्य मिळाले. स्वातंत्र्य विकत घेऊन आफ्रिकेतील लायबेरियात जाऊन राहण्याचा मानस त्याने प्रवाशांपाशी बोलून दाखविला होता. मुक्त झाल्यावर त्याच्या नावे जमीन होती आणि ती त्याने शार्लटसह १८५७ मध्ये विकल्याची नोंद आहे. लायबेरियाच्या प्रवासासाठीच ती विकली असे अनुमान करण्याचा मोह होतो, परंतु दस्तऐवजात हेतू लिहिलेला नसतो. त्याच वर्षी बिशप वारला. तो चाळिशीतही पोचला नव्हता, आणि मृत्यूचे कारण कोठे नमूद नाही. त्याच्या कबरीवर बराच काळ दगड नव्हता. पुढे पिट्सबर्गच्या जेम्स मेलन याने १८८१ मध्ये एक दगड पाठविला; तो दुसऱ्या कोणासाठी घडविलेला होता व मूळ अक्षरे घासून त्यावर बिशपचे नाव कोरले होते. त्यावर मृत्यूचे वर्ष १८५९ असे चुकीचे पडले. अनेक लेखकांनी तेच वर्ष उचलले. शिलालेख म्हणून त्यावर निःशंक विश्वास ठेवणाऱ्या अभ्यासकांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

ब्रान्सफर्ड वाटाड्यांचा वृत्तांत याहून कठोर आहे. मॅटच्या चार मुलांपैकी तीन विकली गेली, असे त्याने यादवी युद्धाच्या काळात एका प्रवाशास सांगितले होते. रोज परक्यांना सुखरूप बाहेर आणणाऱ्या या माणसास स्वतःची मुले घरात ठेवता आली नाहीत. युद्धानंतर गुलामगिरी संपली, तरी मॅट व निक गुहेतच राहिले, आणि मॅटची मुलेनातवंडेही वाटाडे झाली. त्याच्या नातवाने व नातसुनेने काळ्या प्रवाशांसाठी एक निवासगृह चालविले. कारण गुहेजवळच्या मोठ्या निवासगृहात त्या प्रवाशांना मज्जाव होता. १९२६ साली राष्ट्रीय उद्यानाचा कायदा संमत झाला, भोवतालची शेते व घरे घेतली गेली आणि १ जुलै १९४१ रोजी उद्यान अस्तित्वात आले. या स्थित्यंतरात काळ्या वाटाड्यांना नव्या व्यवस्थेत नोकरी मिळाली नाही. एका शतकाची परंपरा तेथे तुटली. उद्यानाचा इतिहास सांगताना ही गोष्ट दीर्घकाळ एका ओळीत उरकली जात असे. २००४ पासून मॅट ब्रान्सफर्डचा एक वंशज पुन्हा तेथे वाटाड्याचे काम करू लागला.

कागदपत्रांबाहेरचे एक साधन अजून शिल्लक आहे, ते म्हणजे काजळीची अक्षरे. काठीच्या टोकाला मेणबत्ती बांधून तिच्या धुराने छतावर नाव लिहिण्याची हौस प्रवाशांना असे आणि थोड्या पैशांत वाटाडे ते लिहून देत. बिशप अक्षरे शिकला तो याच कामात, असे सांगतात. त्याचे स्वतःचे व शार्लटचे नावही भिंतींवर आहे. मॅट व निक यांची नावे दूरच्या, प्रवाशांना न दाखविल्या जाणाऱ्या भुयारांत आढळतात. ज्या ठिकाणी नाव, त्या ठिकाणी तो माणूस पोचला होता, एवढा पुरावा त्यावरून निर्विवाद मिळतो. या साधनाचे मोल १९७२ साली स्पष्ट झाले. शेजारच्या फ्लिंट रिजखालील गुहा मॅमथ गुहेला जोडलेली आहे काय, हा प्रश्न कित्येक वर्षे अनिर्णित होता. एका संशोधक-तुकडीला फ्लिंट रिजच्या बाजूने गेलेल्या एका खालच्या मार्गात भिंतीवर 'पीट एच' ही अक्षरे व बाण आढळला. पीट हॅन्सन हा मॅमथ गुहेकडील मागील पिढीतला वाटाड्या होता. म्हणजे तो दुसऱ्या बाजूने तेथवर आला असला पाहिजे. ९ सप्टेंबर १९७२ रोजी त्याच दिशेने छातीइतक्या पाण्यातून जात असता जॉन विल्कॉक्सच्या तुकडीला समोर प्रवाशांसाठी बसविलेला लोखंडी कठडा दिसला. दोन्ही गुहा एक ठरल्या आणि एकूण लांबी १४४ मैलांवर गेली.

आज गुहेच्या भिंतीवर नाव लिहिणे हा दंडनीय अपराध आहे. जुनी नावे मात्र ऐतिहासिक अवशेष म्हणून जपली जातात.